मालूबाईची बरमी बांगडी

बांगडी फुटली असं आम्ही कासार कधी म्हणत नाही. वाढली म्हणतो. फुटली म्हटलं की गिऱ्हाईक हात मागे घेतं. पण मालूबाईची गोष्ट सांगायची तर मला तोच शब्द पुन्हा पुन्हा तोंडात घ्यावा लागणार. ज्या बाईला अशुभ वाटत असेल तिनं आत्ताच उठावं, मी अडवणार नाही.

मालूबाई आमच्या समोरच्या घरात राहायची. घरात माणसं चारच. तिचा नवरा लीलाधर, त्याचा थोरला भाऊ लोटू, त्या दोघांची विधवा आत्या धुरपदाबाई, आणि ही. मूळचे तुकईथडचे, केळी-कापसाचं घर. लोटू इथं बुऱ्हाणपुरात येऊन गिरणीला लागला. धाकटा लीलाधर मिसरूड फुटायच्या आधीच पळाला, तो थेट ब्रह्मदेशात. आमच्याकडे त्या देशाला बरमाच म्हणतात. तिथं एका चिनी व्यापाऱ्याकडे दगड कापायच्या कामाला राहिला. हिरे-माणकं नाही हं. जेड. आपल्या शहरातली जुनी माणसं त्याला यशब म्हणायची.

लढाई लागली, जपान्यांचे बॉम्ब पडायला लागले, तसा हा जंगलातून पायी निघाला. महिनोन्‌महिने पत्ता नाही. मेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. लोटू तेवढा म्हणायचा, क्रियाकर्म करणार नाही, तो येईल. त्यांची आई त्याच वाटेकडे डोळे लावून गेली. तिला माती देऊन आले आणि चार-सहा आठवड्यांनी हा दारात उभा. अंगात ताप, काखेत दगडांचं गाठोडं. आईला तोंड दाखवता आलं नाही म्हणून कपाळ बडवून घेतलं त्यानं. तेव्हापासून लोटूच्या मनाला काय लागलं असेल ते पुढे कळेल.

मग लीलाधरचं लग्न झालं. मुलगी खकनारची, मालू. बोलायला कमी, बघायला जास्त. काही बायका असतात अशा, त्यांचे डोळे आधी पुढे जातात आणि तोंड मागून येतं. माझं उलटं आहे.

लग्नानंतरची पहिली संक्रांत आली, मला हात भरायला बोलावलं. मी हिरवा चुडा काढून बसले, तेवढ्यात लीलाधर आला आणि गाठोड्यातून एक बांगडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. दगडाची! बोटाएवढी जाड. अर्धी हिरवीगार, मग दुधासारखी पांढरी, आणि त्या पांढऱ्यात एके ठिकाणी फिकट जांभळी झाक, वांग्याच्या फुलासारखी.

"आधी ही भरा सरूबाई, डाव्या हातात."

धुरपदाबाई केवढ्यानं ओरडल्या! "ओ माय वं! पांढरी बांगडी? सवाष्णीच्या हातात? तुला काही समजतं का रे लीलाधर, का डोकं बरम्यातच विसरून आला?"

"आत्या, पांढरा म्हणजे विधवेचाच का? दगडाला काय ठाऊक तुमच्या रीती? तो जसा जमिनीत होता तसा आहे. बस खाली, दाखवतो."

आणि त्यानं गाठोडं सोडलं. काय सांगू! सतरंजीवर दगड मांडत गेला आणि आम्ही तिघी बघत राहिलो.

"हे जेड म्हणतात ना, ते एक नाही. दोन दगड आहेत. नाव एक, जात वेगळी. हा एक, हिमालयापलीकडच्या खोतानचा. तिकडच्या नदीत सापडतो. हात लावून बघ, तेल लावल्यासारखा लागतो. ह्याच्यात सगळ्यात मोलाचा पांढरा. बोकडाची चरबी थिजल्यावर दिसते ना, तसा."

"शी! सणासुदीला चरबीचं नाव," धुरपदाबाई म्हणाल्या.

"बरं, लोण्यासारखा म्हण. ह्याच जातीत हा पालकाच्या भाजीसारखा, काळपट हिरवा. हा राखाडी. हा पिवळट. बादशहांचे पेले, खंजिरांच्या मुठी, सगळं ह्याचं असायचं. आता ही दुसरी जात, बरम्याची. ही कडक, हिची चमक काचेसारखी. रंगही हिच्यात जास्त. केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा, तो राजा. मग हा पांढरा, हा जांभळा. हा काळा दिसतोय? उजेडाला धर. निघाला का हिरवा? आणि ही लाल, गुळासारखी, ती दगडाची साल. लोखंडाच्या मातीत वर्षानुवर्षं पडला की साल अशी होते. आत पोटात वेगळाच रंग असतो."

मी धंद्याची बाई, मी धंद्याचंच विचारलं. "रंग पक्का का? माझ्या लाखेच्या बांगड्यांचा तर उन्हातच उडतो."

"लावलेला रंग चिरांमध्ये साचतो सरूबाई, लगेच कळतं. हा पोटातून आणलेला आहे. हळद, घाम, तेल, ऊन, कशानं जात नाही. फक्त आगीनं जातो. आगीत पडला की हाडासारखा पांढरा होतो, आणि मग सूर्याला धरला तरी उजेड आत शिरत नाही. तेव्हा समजायचं, दगड मेला."

त्याच्या स्वतःच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक होता, बदामाच्या आकाराचा, त्या कोवळ्या केळीपानाच्या हिरव्याचा. हौलदिली म्हणतात तिला. माणसाला धसका बसू नये म्हणून बांधतात. पूर्वी बुऱ्हाणपुरात पुष्कळांच्या गळ्यात असायची.

मालू पुढे सरकली. तिनं जांभळा तुकडा उचलला, दाराशी गेली आणि उन्हाला धरून बघत राहिली. मग येऊन माझ्यापुढे डावा हात केला. मी रिठ्याचा फेस लावला, अंगठा आत दुमडला, हाडं गोळा केली आणि बांगडी चढवली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण हात मागे घेतला नाही. बांगड्या भरल्यावर बाई कासारणीला नमस्कार करते, तसा तिनं केला. मी सगळ्यांना सांगते, "वाढली तर नवी भरीन." तिला नाही सांगितलं. ती बांगडी कोण फोडणार होतं?

दोघांचं चांगलं चाललं होतं. तो ओट्यावर बसून दगड घासायचा, ही शेजारी बसून निवडायची. उन्हाला धरायची, ह्या जातीचा इकडे, त्या जातीचा तिकडे. लोटू गिरणीतून आला की पदर ओढून आत पळायची. जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, सून तोंड उघडत नाही, आमच्याकडे ती रीत फार कडक होती तेव्हा.

मग आलं अठ्ठेचाळीस साल. निजामाचं राज्य हिंदुस्थानात सामील होतं की नाही, ह्याचीच चर्चा सगळीकडे. तिकडचे जहागीरदार जुन्या वस्तू विकायला निघाले होते. नांदेडच्या पलीकडे एका गढीवर यशबचे पेले, तबकं होती, त्यातलं खरं किती खोटं किती ते पारखायला एका जवाहिऱ्यानं लीलाधरला बोलावलं. श्रावणात गेला. भाद्रपदात तिकडे फौज शिरली. गाड्या बंद, टपाल बंद, जाळपोळीच्या बातम्या तेवढ्या चालू.

आणि एके दिवशी सकाळी जसोंडीचा गोटू आला. तो तिकडे सरकीच्या व्यापारात होता. मी समोरच्या ओट्यावर बांगड्या पुसत होते. तो खाटेवर बसला नाही, उभाच राहिला.

"लोटूदादा, गढीच्या मागची गल्ली जळाली. एक भिंत पडली, तिच्याखाली माणूस सापडला. तोंड ओळखू येत नव्हतं. लोक म्हणाले, बुऱ्हाणपूरचा दगडवाला इथंच उतरला होता. गळ्यात हे होतं."

रुमाल सोडला. काळा दोरा आणि बदामाच्या आकाराची हौलदिली. पांढरी.

धुरपदाबाईंनी जो हंबरडा फोडला, त्यानं अख्खी गल्ली गोळा झाली. बायका त्या दगडाकडे बोट दाखवून कुजबुजायला लागल्या. त्याच्या गळ्यात तर हिरवी होती. जीव गेला, तसा दगडाचा रंग गेला. लोटूला ते पटलं नाही, पण त्यानं डोकं धरलं आणि म्हणाला, "आगीनं गेला रंग. तोच सांगायचा ना, आगीत पडला की पांढरा होतो."

तेव्हा मालू बाहेर आली.

डोक्यावर पदर नव्हता. सगळ्या पुरुषांच्या मधून सरळ चालत गेली आणि जेठाच्या हातातून ती हौलदिली उचलून घेतली. मला तर वाटलं, बाईला वेड लागलं. अंगणात गेली, दगड सूर्याला धरला. किती तरी वेळ बघत होती. वळली, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा लोटूच्या तोंडाकडे बघून बोलली.

"दादा, उजेड जातोय."

तिनं तो दगड लोटूच्या पुढे धरला.

"जळालेला असता तर उजेड आत गेला नसता. हा आगीत पडलेलाच नाही. हा जन्माचाच पांढरा आहे, खोतानचा. हात लावून बघा, तेलकट लागतो. ह्यांच्या गळ्यात बरम्याची हिरवी होती. ही दुसऱ्या कुणाची तरी आहे. दादा, ते जिवंत आहेत."

मला वाटलं, दुःखात माणूस काडीलासुद्धा धरतो. खरं सांगते, माझाही विश्वास बसला नव्हता.

लोटूला रडू फुटलं. "मागच्या वेळी मी असाच वाट बघत बसलो सूनबाई. आई तशीच गेली. लोक म्हणाले, भावाला पाण्याचा थेंब दिला नाही, त्याचा आत्मा भटकतोय, म्हणून आई गेली. आता मी तसं होऊ देणार नाही."

"मागच्या वेळी ते आलेच ना?" मालू म्हणाली.

पण गर्दी जमली की उत्तर लागत नाही. चार म्हातारे म्हणाले विधी करा, की झालं.

धुरपदाबाईंनी तिला पाटावर बसवलं. त्या स्वतः विधवा, हे काम त्यांच्याच वाट्याचं. कुंकू पुसलं. काचेच्या बांगड्या दगडावर आपटल्या, मीच नागपंचमीला भरलेल्या. तो आवाज मला सहन होत नाही, आजही नाही. मग राहिली ती एक. हाताबाहेर येईना. इतक्या वर्षांत हात भरला होता तिचा.

"सरू, तू काढ," मला हाक आली. "तुला येतं."

येतं, का नाही येत? रेशमाचा दोरा गुंडाळून मी कितीही घट्ट बांगडी उतरवते. मी मालूकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मी जागेवर उठून उभी राहिले आणि म्हटलं, "माझा हात भरायचा आहे, उतरवायचा नाही. ज्याला उतरवायची आहे त्यानं आपल्या जिवावर उतरवावी."

बायका माझ्यावर केवढ्या भडकल्या! भडकू देत. धुरपदाबाईंनी आतून पाटा-वरवंटा आणला. मालूचा हात पाट्यावर ठेवला, दोघींनी दंड धरला, आणि धुरपदाबाईंनी वरवंटा घातला.

खाडकन आवाज झाला. मी डोळे मिटले. उघडले तर वरवंट्याची कड उडून अंगणात पडलेली. बांगडी तशीच.

"अगं माय, फुटत नाही!"

पुन्हा घातला. ह्या वेळी दुसराच आवाज आला. ओली काटकी मोडावी तसा. मालू पहिल्यांदा ओरडली. मनगट वाकडं झालं होतं, आणि त्याच्यावर ती बांगडी, अर्धी हिरवी, अर्धी पांढरी, एक ओरखडा नाही. धुरपदाबाईंच्या हातून वरवंटा गळला. त्या पाट्याशेजारीच बसल्या आणि मालूचा तो हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, "मला नव्हतं गं मोडायचं. मला नव्हतं मोडायचं." त्यांच्याही बांगड्या कधीतरी अशाच कुणीतरी फोडल्या होत्या ना! पुढे कुणी त्या बांगडीचं नाव काढलं नाही.

दहावा आला. पुरुष तापीवर राजघाटाला गेले. आम्ही बायका घरात. मालू कोपऱ्यात बसलेली, हाडवैद्यानं हाताला कामट्या बांधलेल्या, कपाळ मोकळं. धुरपदाबाई दारात पाणी टाकायला गेल्या, आणि तांब्या खणखणत ओसरीवरून खाली गेला.

मी धावले. दारात लीलाधर. दाढी वाढलेली, पाय सुजलेले, सदऱ्याची चिंधी झालेली. धुरपदाबाई भिंतीला पाठ लावून खाली सरकत होत्या.

त्यानं घराकडे बघितलं. उलटी टाकलेली खाट, बसलेल्या बायका, न पेटलेली चूल. चेहरा उतरला त्याचा.

"आत्या, कोण गेलं?"

तुम्ही सांगितलं असतंत?

तो आत आला. "दादा कुठं आहे? आत्या, बोल ना. दादा गेला का?" मग त्याची नजर मालूवर पडली. कपाळ बघितलं, हात बघितला. तो जागच्या जागी थांबला.

"मालू," तो म्हणाला, "कोण गेलं?"

"तुम्ही," मालू म्हणाली.

तिनं उठून एकच केलं. चांगल्या हातानं त्याच्या फाटक्या सदऱ्यातून काळा दोरा बाहेर ओढला. हिरवी होती. तिनं ती मुठीत धरली आणि मगच रडली, त्या दहा दिवसांत पहिल्यांदा.

लोटू घाटावरून आला, मुंडण केलेला, हातात रिकामा घडा. कावळा लगेच शिवला होता म्हणे पिंडाला. बघा आता! कावळेसुद्धा फसले. लोटूनं भावाला बघितलं आणि उंबऱ्यातच कोसळला. शुद्धीवर आल्यावर भावजयीच्या पायाशी डोकं ठेवायला निघाला, जेठ असून. तिनं झटकन पाय मागे घेतले आणि डोक्यावर पदर ओढला.

पांढरी हौलदिली लीलाधरनं बघताक्षणी ओळखली. गढीवर पेले पुसणारा एक म्हातारा होता, त्याची ती. आग लागली तेव्हा त्यानंच ह्याला मागच्या दारानं बाहेर काढलं, आणि आपली पेटी आणायला परत आत गेला. लीलाधर त्याला शोधत होता, मग तापानं पडला, मग गाड्या नाहीत म्हणून चालत निघाला. "म्हणजे दहावा झाला तो त्याचा झाला," तो म्हणाला, आणि पोरासारखा रडला. मग ती हौलदिली स्वतः जाऊन तापीत सोडून आला.

पण ज्याची क्रिया झाली तो शास्त्राला मेलेला. गुरुजी म्हणाले, पुन्हा बारसं, पुन्हा मुंज, पुन्हा लग्न, तेही त्याच बायकोशी. एवढा बाप्या पाळण्याजवळ बसलेला बघून गल्लीतली पोरं हसून हसून लोळली. लग्नाला मी चुडा घेऊन गेले. मालूनं उजवा हात पुढे केला.

"ह्यात भरा. डाव्यात हीच राहू द्या."

लीलाधरनं तिचं डावं मनगट हातात घेतलं होतं. हाड वाकडंच जुळलं होतं, जन्मभर तसंच राहिलं. त्यावर निळी-जांभळी सूज अजून होती, बांगडीतल्या त्या वांग्याच्या फुलाएवढीच. ते मनगट बघून तो असा हादरला की मंगलाष्टकं होईपर्यंत त्यानं ते सोडलं नाही. वरवंटा धुरपदाबाईंनी पुन्हा कधी वापरला नाही. चटणी वाटायला माझ्याकडे यायच्या.

पुढं सगळं माणसांसारखंच झालं. मुलं झाली, लोटू गेला, धुरपदाबाई गेल्या. आपलं शहर कुठल्या राज्यात, ह्याचेही वाद झाले आणि मिटले. मालू त्या वाकड्या हातानं दळण, धुणं सगळं करायची. माझ्याकडे दर संक्रांतीला यायची आणि एकच हात पुढे करायची.

ती नवऱ्याच्या आधी गेली. सवाष्ण गेली, चुड्यासकट, त्या बांगडीसकट. तिसऱ्या दिवशी राख सावडून लीलाधर आला तो घरी गेला नाही, माझ्या ओट्यावर बसला. म्हातारा झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू. उपरण्याच्या गाठीतून त्यानं दोन तुकडे काढून माझ्या हातावर ठेवले. बांगडीचे. वरवंट्यानं झालं नाही ते आगीनं केलं होतं. हिरवं नाही, जांभळं नाही, सगळं एकसारखं पांढरं.

"सरूबाई, मला आता नीट दिसत नाही," तो म्हणाला. "सूर्याला धरून बघा बरं. उजेड जातोय का?"

मी धरला. इकडून धरला, तिकडून धरला. पदरानं पुसून पुन्हा धरला.

"नाही जात, भाऊ," मी म्हटलं.